खिळ्यांवाचून छापलेला पेपर

बुधवार, रात्रीचे साडेअकरा

दुपारपासून लान्ड्सबर्गचा तो पेपर डोक्यातून जात नाही. बव्हेरियातलं गाव. दुसरं महायुद्ध संपल्यावर तिथल्या लष्करी बराकींत, अमेरिकन सैन्याच्या अखत्यारीत, छळछावण्यांतून वाचलेले हजारो ज्यू राहत होते. ऑक्टोबर १९४५ मध्ये त्यांनी स्वतःचं साप्ताहिक काढलंसुद्धा! भाषा यिद्दिश, म्हणजे हिब्रू अक्षरांत उजवीकडून डावीकडे लिहायची. पेपर मात्र निघाला रोमन लिपीत, कारण हिब्रू खिळेच, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरंच, मिळेनात.

बाबा कंपोझिटर होते, खिळे जुळवणारे. ऐन वेळी 'ळ' संपला की अख्खा छापखाना डोक्यावर घ्यायचे. म्हणून असेल, पण नाझींनी मारलेल्या ज्यूंचा साठ लाख हा आकडा मला कधी नीट कळलाच नाही. खिळ्यांच्या रिकाम्या केसेस, म्हणजे खणांचे ट्रे, लगेच कळल्या.

उत्तर जर्मनीतल्या बेलसेनच्या छावणीत तर वाचलेल्यांनी जुलै १९४५ मध्ये हातानेच पेपरचा अंक लिहून काढला. ब्रिटिशांनी त्या छावणीचं नाव 'होन' ठेवलं होतं. हे लोक बेलसेनच म्हणत राहिले. हट्टीच.

स्वतःला ते 'शेरित हप्लेता' म्हणवत, वाचून उरलेले. पेपरांतून हरवलेल्या नातेवाइकांचे शोध असत. एकीकडे नाटकं, शाळा, शिवणकामाचे वर्ग, आणि लग्नं तर इतकी! एका खोलीत दोन-तीन बिऱ्हाडं, मध्ये ब्लँकेटचा पडदा. आमच्या चाळीतही असा पडदा होता, पण आम्हाला गावी घर होतं. ह्यांच्यातले काही पोलंडला परत गेले, तर १९४६ मध्ये किएल्त्सेत पुन्हा ज्यूंच्या कत्तली झाल्या. मग जायचं कुठे? १९४८ पर्यंत एकट्या बेलसेनमध्ये हजारावर बाळं जन्मली.

छावण्यांतल्या रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, तालमूद हा त्यांचा धर्मग्रंथ हवा होता. जर्मनीत पूर्ण संच सापडेना, म्हणून न्यूयॉर्कहून मागवला, पानांचे फोटो घेतले आणि हायडेलबर्गला ऑफसेटवर, म्हणजे फोटोवरून केलेल्या प्लेटांनी, १९ खंड छापले. म्हणजे पुन्हा खिळ्यांवाचूनच. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर खाली काटेरी तारांची छावणी, वर ताडाची झाडं.

बाबांना ऑफसेट कधीच आवडलं नाही. हे खंड हातात दिले असते, तर चष्मा पुसून त्यांनी आधी शाई कुठे फिकी पडलीय तेच शोधलं असतं.