सरांच्या मागे माळावर

अमृतमहोत्सव समितीचं पत्र आलं. शाळेच्या जडणघडणीविषयी लिहा, असा त्यात आग्रह होता. त्यावर लिहायला माझ्याहून जाणकार मंडळी आहेत. मला फक्त आपल्या विज्ञानाच्या सरांविषयी लिहायचं आहे. नाव घालत नाही. त्या काळात शाळेत असलेल्या कुणालाही दुनळी बंदूक आणि दोन कुत्री एवढं म्हटलं की पुरे.

शिक्षक मुलांना घेऊन शिकारीला जायचे, हे आजच्या पालकांना पटणार नाही. पण तेव्हा सांगोल्याच्या बाजूला माळच माळ होता, आणि ससा, तितर, लावा यांच्या शिकारीला सरसकट बंदी नव्हती. सरांकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक होती. दिवाळीनंतर ती कपाटातून निघायची आणि होळीला परत आत जायची. पुढे पाखरांची अंडी-पिल्लं असतात, म्हणून. हा नियम सर कसोशीनं पाळायचे.

आम्हा पोरांचं काम रान उठवायचं. तरवड आणि बोराटीच्या जाळ्यांत काठ्या हाणत रांगेनं चालायचं, कुणी रांगेच्या पुढे जायचं नाही. बंदुकीला हात फक्त सरांचा. चालताना ती मोडलेली, म्हणजे बिजागरीवर उघडून नळ्या खाली केलेली, बांध ओलांडताना काडतुसं बाहेर. बसलेल्या पाखरावर बार नाही. कुत्रा सशामागे सुटला की नळी वर उचलायची नाही, मग ससा सुटून गेला तरी चालेल. तितराला सहा नंबरचे छर्रे, सशाला चार नंबरचे, आणि पस्तीस-चाळीस पावलांपलीकडे बार टाकायचाच नाही. लांबून मारलेलं पाखरू जखमी होऊन कुठंतरी तडफडत मरतं, हे ते दर वेळी नव्यानं सांगायचे.

शेकडेवारी आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. सरांनी जुनी वर्तमानपत्रं चिकटवून मोठा कागद केला, त्यावर 30 इंच व्यासाचं वर्तुळ काढलं आणि 40 यार्डांवरून दोन्ही नळ्यांचा एकेक बार टाकला. एक काडतूस कापून त्यातले छर्रे आम्हाला मोजायला दिले. मग वर्तुळातली भोकं मोजायची आणि टक्के काढायचे. सरळ नळीचे चाळिसाच्या आसपास आले, तोंडाशी आवळलेल्या नळीचे सत्तरच्या. आमच्या वर्गात त्यानंतर शेकडेवारीचं गणित कुणाचं चुकलं नाही.

कुत्र्यांविषयी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. एक वाघ्या, कारवानी जातीचा शिकारी कुत्रा. लांब पाय, खोल छाती, मुठीत मावेल अशी कंबर. माळावर ससा उठला की तो असा सुटायचा की आम्ही ओरडायचंही विसरायचो. दुसरी चंपी, बाजारात सापडलेली गावठी कुत्री. तिच्याकडे कुणी बघायचं नाही.

एका रविवारी माण नदीच्या अलीकडच्या ओढ्यात सरांनी तितर उडता टिपलं. ते पडलं, पण पंखच मोडला होता. तितर जमिनीवर पडलं की पळतं, आणि कुसळीच्या गवतात पळालेलं तितर म्हणजे गेलंच. सरांनी बंदूक मोडली, काडतुसं खिशात टाकली आणि म्हणाले, "हे सापडेपर्यंत दुसरा बार नाही." आणखी दोन तितरं आमच्या पायाशी उडाली. त्यांनी मान वर केली नाही. वाघ्या इकडून तिकडे धावत राहिला. त्याचा सगळा भरवसा डोळ्यांवर, आणि दिसेल असं तिथं काही नव्हतं. ऊन उतरलं, घरी ओरडा बसणार म्हणून दोघं-तिघं चुळबुळायला लागले. सर म्हणाले, "ज्याला जायचं त्यानं जा, मी थांबतो." कुणी गेलं नाही. शेवटी चंपी नाक जमिनीला लावून ओढ्याच्या काठानं पार वर गेली आणि एका हिवराच्या बुडाशी थांबून आमच्याकडे बघायला लागली. तितर तिथं होतं. सरांनी त्याची मान क्षणात मुरगळली, मग चंपीपुढे खाली बसून तिचं डोकं दोन्ही हातांनी कुरवाळलं. "नाक हिचं, पोरांनो," एवढंच म्हणाले.

सोमवारी त्याच तितराची गळ्यातली दाण्यांची पिशवी प्रयोगशाळेत बशीत उघडली. माझे वडील तितराला पिकाचा चोर म्हणायचे, म्हणून सरांनी चिमटा माझ्याच हातात दिला. आत वाळवी निघाली, खूप वाळवी, गवताचं बी, आणि ज्वारीचे अगदी थोडे दाणे. "घरी जाऊन सांग," सर म्हणाले. मी सांगितलं. वडिलांनी त्या वर्षी बांधावरचं गवत जाळलं नाही.

मी पुढे परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेलो, तो त्या बशीमुळे. 1972 च्या दुष्काळात सुट्टीला आलो तेव्हा ओढे कोरडे होते आणि उरल्यासुरल्या डबक्यांवर पाखरं झुंडीनं उतरत होती. सरांनी त्या वर्षी दिवाळीलाही कपाट उघडलं नाही. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यात छोट्या शिकारीचा परवाना मिळायची सोय होती, 1991 च्या दुरुस्तीनं तीही गेली. सरांनी तो परवाना कधी मागितलाच नाही.

नोकरीत मी कितीतरी कारवानी कुत्री तपासली. 2005 साली टपाल खात्यानं मुधोळ कुत्र्याचं, म्हणजे आपल्या कारवानीचंच, तिकीट काढलं, ते लावून मी सरांना पत्र पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, "फार आनंद झाला. चंपीचं तिकीट निघेल तेव्हा दोन पाठव."

रानडुकरांनी फाडलेली कुत्री घेऊन रात्री येणारी माणसंही मी पाहिली. बॅटरीच्या झोतात, टोळीनं कुत्री सोडून, पिल्लं पोटात असलेली सशीण मारणारी ही माणसं. कुत्र्याला टाके घातले, पण त्यांना घरात घेतलं नाही. कायद्यानं गुन्हा आहेच. सरांच्या माळावर तो कायदा नसतानाही गुन्हाच ठरला असता.

तो माळ आता शोधावा लागतो. 1990 नंतर रोजगार हमीतून फळबागा झाल्या, डाळिंबानं तालुक्याला पैसा दिला, माझ्याही भावाला दिला. त्याबद्दल तक्रार नाही. पण कुसळीचं गवत गेलं, तरवड गेला, जेसीबीनं बांध सपाट केले आणि बागांवर आठवड्याला फवारणी होते. वाळवीच राहिली नाही, तर तितर खाणार काय?

सरांची वही माझ्याकडे आहे. तारीख, जागा, पाखरू, पिशवीत काय सापडलं, असं पानोपान निळ्या शाईत लिहिलेलं. गेल्या वर्षी सरांच्या मुलीनं ती मला दिली. समारंभाला येताना मी ती घेऊन येणार आहे. ती कपाटात कुलपात ठेवू नये, आठवीच्या विज्ञानाच्या तासाला मुलांच्या हातात द्यावी, आणि त्यातल्या ओढ्यावर मुलांना एकदा न्यावं, एवढी समितीला विनंती. पाय साथ देत आहेत तोवर वाट दाखवायला मी येईन.