रुपया उभा शिरेल एवढ्या फटी

आर्वी तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराची माडी सागवानी फळ्यांची. पणजोबांच्या वेळची, वाकसानं तासलेली. पूर्वी माडीवर कापूस भरून ठेवायचे, त्यामुळे फटींत सरकी, धूळ, तुटलेल्या बांगड्यांचे तुकडे, काय काय जाऊन बसलेलं. मे महिन्यात सुटीवर गेलो तेव्हा फळ्या आकसून रुपया उभा शिरेल एवढ्या फटी पडल्या होत्या. खाली आजीची खाट, सगळा कचरा तिच्या अंगावर. मी हुशारी केली. फटी कोरून साफ केल्या आणि भुसा-गोंद कालवून पक्क्या बुजवल्या. दोन दिवस गेले.

जुलैत झड लागली. फळ्या फुगल्या, सरकायला जागा नाही. तीन फळ्या खिळ्यांसकट वर उचलल्या गेल्या.

गावातले म्हातारे वाढई, म्हणजे सुतार, आले, वाकून पाहिलं. "बापू, उन्हाळ्यात कोणी फटी बुजवते काय? पावसाळ्यात लाकूड फुगन, मंग जाईन कुठं ते?"

दिवाळीनंतर पटाशीनं तो सगळा भुसा-गोंद पुन्हा उकरला. हे काम मात्र दोन दिवसांत झालं नाही. उचललेल्या फळ्या तोवर बऱ्याच बसल्या होत्या, त्या पुन्हा ठोकल्या.

फरशीसारखं पाणी ओतून धुवायचा माझा बेत वाढईकाकांनी तिथंच मोडला. आधी कोरडा झाडू, मग घट्ट पिळलेलं फडकं, एकेक फळी पुसून लगेच कोरडी करायची. दिव्याच्या तेलाचे काळे थर टर्पेंटाइननं निघाले. घासायला भाड्यानं मशीन आणली होती. एका कोपऱ्यात फिरवली तर वाकसाच्या खुणा पाहतापाहता गायब. त्या कोपऱ्यावर आता ट्रंक ठेवलीय. उरलेलं हातानं, आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०चा, लाकडाच्या रेषेच्या दिशेनंच. खिळ्यांची डोकी आधी आत ठोकून घेतली, नाहीतर कागद फाटतो.

मग जवसाचं तेल. पहिला हात टर्पेंटाइन मिसळून पातळ, वीस मिनिटांनी उरलेलं पुसून घ्यायचं. दाराजवळ मी तेल तसंच राहू दिलं, तर आठ दिवस पाय चिकटत होते. पुसलेली फडकी मी बोळा करून कोपऱ्यात टाकली होती. "पाण्यात टाक ते, पेटते," वाढईकाका म्हणाले. मला थट्टा वाटली. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळ्यात ती उष्णता कोंडून राहते, हे मला कुठं माहीत! हात लावला तर बोळा चांगलाच कोमट. मुकाट्यानं बादलीत बुडवला.

या एप्रिलमध्ये फटी पुन्हा उघडल्या. मी वर झाडू मारायला लागलो की आजी खालून ओरडते, "थांब नं रे, खाट सरकवू दे!"