८० टक्क्यांची हमाली आणि पहाटे दोनचं बिल

आमच्या बिलिंगच्या प्रोजेक्टमध्ये फर्मान निघालं: युनिट टेस्टचं (कोडचे छोटे तुकडे तपासणाऱ्या कोडचं) कव्हरेज, म्हणजे टेस्टमध्ये कोडच्या किती ओळी चालल्या तो आकडा, ८० टक्क्यांच्या खाली असेल तर कोड मर्ज होणार नाही, मुख्य कोडमध्ये जाणार नाही. जावाचा जुना कोड, टेस्ट नावालाही नाहीत. जेयुनिट, मॉकिटो ही टेस्ट लिहायची साधनं अर्ध्या दिवसात बसली. मग तीन आठवडे टक्क्यांची हमाली. गेटर-सेटर, म्हणजे नुसती किंमत वाचणारी-ठेवणारी फंक्शनं, त्यांच्यासुद्धा टेस्ट लिहिल्या. एका सहकाऱ्याने तर असर्टच (उत्तर बरोबर आहे का ते तपासणाऱ्या ओळी) घातले नाहीत, तरी आकडा चढला! कव्हरेजला ओळ चालली की पुरतं, उत्तर चुकलं तरी त्याला सोयरसुतक नाही.

मला रडवलं ते एकाच टेस्टने. बिलाच्या वेळेवरून आर्थिक वर्ष ठरवणारं फंक्शन. टेस्टमध्ये वेळ दिली १ एप्रिल, पहाटे २. माझ्या लॅपटॉपवर हिरवं (पास), सगळ्यांचा कोड तपासणाऱ्या बिल्ड सर्व्हरवर लाल (नापास). कॅश साफ केली, लाल. जावाचं व्हर्जन ताडून पाहिलं, लाल. स्टँडअपला लीड विचारायचे, "झालं का?" आणि मी म्हणायचे, "माझ्याकडे तर चालतंय." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती टेस्ट बंदच करून टाकायला निघाले होते, तेवढ्यात लॉगमधली वेळ नजरेस पडली: ३१ मार्च, २०:३०. सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, आपण साडेपाच तास पुढे, आणि कोड ज्या मशीनवर चालेल तिचाच टाइमझोन उचलत होता. प्रॉडक्शन, म्हणजे खरी बिलं जिथे बनतात ती यंत्रणाही यूटीसीवरच! म्हणजे १ एप्रिलच्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची बिलं मागच्या वर्षाच्या क्रमांकात जात होती. अकाउंट्सवाले दर एप्रिलला चार-दोन बिलं हाताने का दुरुस्त करतात, ते तेव्हा कळलं. आम्ही त्यांनाच हसायचो.

दुरुस्ती एका ओळीची: झोन स्पष्टपणे 'एशिया/कोलकाता' दिला. यातून शिकले ते असं: 'आत्ताची वेळ' कोडच्या आत कधीच घेऊ नका, ती सांगणारं क्लॉक बाहेरून द्या. पैशाच्या राउंडिंगच्या टेस्ट आधी लिहा, आमच्याकडे पैशासाठी डबल (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) वापरलेलं तिथेच सापडलं. आणि हो, मॉक (टेस्टमध्ये खऱ्या भागाच्या जागी ठेवलेले नकली भाग) जपून. मी एका क्लासचे दोन केले, वागणं तसूभर बदललं नाही, तरी मॉक आतल्या रचनेला बांधलेले असल्याने ढीगभर टेस्ट कोसळल्या. त्या निस्तरण्यात एक शुक्रवार गेला.

गेटर-सेटरच्या टेस्ट अजून तशाच आहेत. काढल्या की आकडा ७१ वर येतो.