नोकरी गेली की कंपनीचा मेडिक्लेमही जातो. त्याआधी काय करून ठेवायचं

नोकरी जाणार हे कळलं की घराचा हप्ता, मुलांची फी, पीएफ या गोष्टी आधी डोळ्यांसमोर येतात. मेडिक्लेम आठवतो तो घरात कुणी आजारी पडल्यावर. बहुतेक कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत कव्हर कामाच्या शेवटच्या दिवशी संपतं. काही कंपन्या पॉलिसीचं वर्ष संपेपर्यंत ते चालू ठेवतात. आपल्याकडे काय आहे, हे एचआरला ईमेलवर विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

स्वस्त पॉलिसी शोधण्याआधी एक गोष्ट वाचवायची आहे: ग्रुप पॉलिसीत घालवलेली वर्षं. ग्रुप पॉलिसीत बहुधा जुने आजारही पहिल्या दिवसापासून कव्हर असतात. वैयक्तिक पॉलिसी नव्याने घेतली तर पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू, मुतखडा, गुडघेबदल यांसाठी साधारण दोन वर्षं थांबावं लागतं. मधुमेह, बीपी यांसारख्या आधीपासूनच्या आजारांसाठी हा काळ तीन वर्षांपर्यंत असू शकतो. एप्रिल २०२४ पासून आयआरडीएआयने (विमा क्षेत्राची सरकारी नियामक संस्था) ही मर्यादा चारवरून तीन वर्षांवर आणली, पण घरात मधुमेह असेल तर तीन वर्षंही फार आहेत.

यावरचा उपाय म्हणजे मायग्रेशन. ज्या विमा कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे, तिच्याच वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम) पॉलिसीत जायचं. मग ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वेटिंग पिरियडमधून, म्हणजे वर सांगितलेल्या थांबण्याच्या काळातून, वजा होतात. ही सवलत जुन्या विमा रकमेपुरतीच असते. ग्रुपचं कव्हर ३ लाखांचं होतं आणि आता १० लाखांचं घेतलं, तर ३ लाखांना जुनी वर्षं लागू होतात आणि उरलेल्या ७ लाखांचं वेटिंग नव्याने सुरू होतं. दर किंवा सेवा पटली नाही, तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करता येतं. त्यासाठी निदान दीड महिना आधी अर्ज करा.

मायग्रेशनचा अर्ज नोटीस पिरियडमध्येच करा. रिलीव्हिंग लेटर हातात पडल्यावर धावपळ सुरू केली की मध्ये खंड पडतो आणि मग सवलत मागायला आधार राहत नाही. एचआरकडून तीन कागद घ्या: तुमचं आणि घरच्यांचं नाव असलेलं कव्हरचं प्रमाणपत्र (त्यावर ग्रुपमध्ये पहिल्यांदा नाव घातल्याची तारीख आणि विमा रक्कम हवी), ग्रुप पॉलिसीच्या अटी आणि आजवरच्या क्लेमचा तपशील. टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) पोर्टलचं लॉगिन बहुतेक वेळा ऑफिसच्या ईमेलवर असतं आणि तो ईमेल शेवटच्या संध्याकाळी बंद होतो. म्हणून ई-कार्ड, जुनी क्लेमपत्रं, सगळं आधीच स्वतःच्या ईमेलवर घ्या. रिइम्बर्समेंटचा (आधी स्वतः बिल भरून मग पैसे मागायचा) एखादा क्लेम राहिला असेल तर तोही जाण्याआधी भरा.

आता पैशांचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे. जुन्या कोटेशनवर कर लावलेला दिसला तर नवीन मागवा. एकरकमी पैसे नसतील तर मासिक किंवा तिमाही हप्ता घेता येतो. मासिक हप्त्याला चुकल्यानंतर १५ दिवसांची सवलत असते. तीही उलटली की पॉलिसी बंद पडते आणि जुनी वर्षं जातात, म्हणून बँकेत ऑटो-डेबिट लावा आणि त्या खात्यात पैसे राहतील हे बघा. वर्ष संपायच्या आत क्लेम आला तर उरलेले हप्ते कंपनी क्लेममधून कापून घेऊ शकते, हेही धरून चाला.

सगळ्यात कमी हप्त्यात काही हवं असेल तर आरोग्य संजीवनी बघा. ही पॉलिसी एप्रिल २०२० पासून आहे, अटी सगळ्या कंपन्यांत जवळपास सारख्या असतात, त्यामुळे फक्त दराची तुलना करता येते. पण त्यातली खोलीभाड्याची मर्यादा नीट समजून घ्या, कारण लोक इथेच फसतात. खोलीला रोज विमा रकमेच्या २ टक्के आणि कमाल ५ हजार रुपये मिळतात. समजा, तुम्ही १० हजारांच्या खोलीत चार दिवस राहिलात. खोलीचं बिल ४० हजार, सर्जन, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंग मिळून १ लाख ६० हजार, औषधं आणि तपासण्या ६० हजार. एकूण २ लाख ६० हजार. खोली मर्यादेच्या दुप्पट, म्हणून खोलीचे २० हजारच मिळतात. सर्जन वगैरेंचं बिलही त्याच प्रमाणात अर्धं होतं, म्हणजे ८० हजार. औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही. झाले १ लाख ६० हजार. त्यावर ५ टक्के को-पे (प्रत्येक क्लेममधला तुमचा वाटा), म्हणजे ८ हजार तुमचे. हातात १ लाख ५२ हजार आणि खिशातून १ लाख ८ हजार. खोली ५ हजारांची घेतली असती तर इतकी कपात झाली नसती. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत या दरात खोली मिळणं अवघड आहे, म्हणून घराजवळचं कुठलं रुग्णालय या मर्यादेत बसतं ते आधीच विचारून ठेवा.

थोडे जास्त पैसे देता येत असतील तर छोटी मूळ पॉलिसी आणि त्यावर सुपर टॉप-अप हे आमच्या मते सर्वांत परवडणारं गणित आहे. ३ लाखांची मूळ पॉलिसी आणि ३ लाखांच्या डिडक्टिबलवर १० लाखांचा सुपर टॉप-अप, म्हणजे पहिल्या ३ लाखांच्या वरचा खर्च देणारी जोडपॉलिसी. साधा टॉप-अप घेऊ नका. वर्षात अडीच अडीच लाखांची दोन आजारपणं आली तर साधा टॉप-अप एक रुपयाही देत नाही, कारण कुठलंही एक बिल ३ लाखांच्या वर गेलेलं नाही. सुपर टॉप-अप वर्षाचा एकूण खर्च धरतो, म्हणून वरचे २ लाख देतो.

आई-वडिलांना फ्लोटरमध्ये घालू नका. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या वयावर ठरतो. त्यांची वेगळी पॉलिसी घ्या, आणि मायग्रेशनचा अर्ज सर्वांत आधी त्यांचाच करा, कारण नव्याने विमा मिळणं त्यांनाच अवघड जातं. वय ७० झालेलं असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही, कुटुंबातल्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. महाराष्ट्रात रेशनकार्ड किंवा अधिवास प्रमाणपत्र असलेल्या कुटुंबांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. ती फक्त यादीतल्या उपचारांना आणि योजनेतल्याच रुग्णालयांत चालते, तेव्हा भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) भेटा. या योजना आहेत म्हणून विमा काढायचं टाळू नका.

पगार २१ हजारांपर्यंत होता आणि ईएसआयसी (कामगार राज्य विमा योजनेची वर्गणी) कापली जात होती, तर नोकरी सुटल्या दिवशी उपचार बंद होत नाहीत. एप्रिल ते सप्टेंबर या काळात निदान ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असेल, तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर.

प्रपोजल फॉर्म एजंटला भरू देऊ नका, निदान आजारांचं पान तरी स्वतः भरा. बीपीची गोळी, थायरॉइड, जुनं ऑपरेशन, सगळं लिहा. हप्ता थोडा वाढेल, वेटिंग लागेल. लपवलेलं मात्र क्लेमच्या वेळी केस पेपरवर डॉक्टरांनीच लिहिलेलं सापडतं. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर कंपनीला फसवणूक सिद्ध केल्याशिवाय या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, पण तोवरचा काळ मोठा आहे.

पॉलिसी आली की पहिल्या पानावर दोन गोष्टी तपासा: जुन्या आजारांची नोंद आणि सलग कव्हर कधीपासून धरलं आहे ती तारीख. मायग्रेशन केलं असेल तर तिथे ग्रुपमधली जुनी तारीख हवी. आजची तारीख दिसली तर प्रमाणपत्र जोडून लगेच ईमेल करा. पॉलिसी परत करायला ३० दिवस मिळतात, दुरुस्ती त्याच्या आत लेखी करून घ्या.