वरचा कॉमा कुठे बसवायचा?

नौपाड्यातल्या आमच्या बोर्डाच्या दुकानात ऑगस्टअखेरीस घोडबंदर रोडच्या एका सोसायटीचे सात बोर्ड आले. इंग्रजी मजकूर सेक्रेटरी काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला. शेवटी एस दिसला की त्याच्या आधी वरचा कॉमा, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, ठेवून दिलेला: लेडीज टॉयलेट, रेसिडेंट्स ओन्ली, व्हिजिटर्स पार्किंग, अगदी सीसीटीव्हीजसुद्धा.

फ्लेक्स असता तर पुन्हा छापला असता. ही लेझरवर कापलेली अ‍ॅक्रिलिकची अक्षरं. कॉमा म्हणजे नखाएवढा वेगळा तुकडा. क्लोरोफॉर्मने बसवला की खालच्या शीटशी एकजीव होतो. उचकटला तर चरा पडतो आणि अक्षरांमध्ये पडक्या दातासारखी फट राहते. म्हणून कापायच्या आधीच फोन लावला.

"काका, रेसिडेंट्समधला कॉमा काढतोय."

"अहो, पण एकाहून जास्त आहेत ना रहिवासी?"

गोची तिथेच. अनेकवचनाचा एस आणि मालकीचा एस कानाला सारखेच. म्हटलं, मराठीत म्हणून बघा. चा-ची-चे लागलं तरच कॉमा. 'फक्त रहिवासी': नाही लागत, काढा. सीसीटीव्ही एकाहून जास्त, बस्स, तोही काढा. 'पाहुण्यांचं पार्किंग': लागतं, ठेवा.

पण ठेवायचा कुठे? आधी मालकाचा शब्द पुरा लिहायचा, मग कॉमा. पाहुणे अनेक, म्हणजे व्हिजिटर्स एससकट पुरा, कॉमा त्याच्या पुढे. लेडीजमध्ये वाय जाऊन आय-ई-एस आलं, तेव्हा कुठे शब्द पुरा झाला. तिथेही कॉमा शेवटी. एसच्या आधी घातला तर मागे 'एल-ए-डी-आय-ई' उरतं, आणि असा शब्दच नाही. चिल्ड्रन मात्र एसशिवायच अनेकवचन, त्यामुळे प्ले एरियाच्या बोर्डावर आधी कॉमा, मग एस. तेवढा एक काकांचा तुक्का बरोबर बसला होता. हॉल बुकिंगच्या बोर्डावर 'टेन डेज नोटीस': दहा दिवसांची, म्हणजे कॉमा डेजच्या पुढे. हा बहुतेक जण विसरतातच.

युक्ती फसली ती जिमच्या बोर्डावर. 'जिम अ‍ॅण्ड इट्स इक्विपमेंट'. मराठीत 'तिची उपकरणं', ची आहे, तरी आय-टी-एसला कॉमा नाही. हिज, हर्स, देअर्स यांनाही नसतो. इट्सला दिला तर ते 'इट इज' किंवा 'इट हॅज' होतं. तिथे सरळ इट इज घालून वाचायचं. 'जिम अ‍ॅण्ड इट इज इक्विपमेंट' ऐकल्यावर काका फोनवरच हसले.

शिक्षक दिनाचे बॅनरही त्याच दिवशी होते, आणि तिथे अडचण उलटी. 'शिक्षक दिन' या समासात 'चा' दडलेला असतो. सोडवून 'शिक्षकांचा दिवस' म्हणा, म्हणजे टीचर्सच्या पुढे कॉमा. शेट्टींच्या नेमप्लेटला नुसता एस लागला. आडनावातला वाय बदलत नाही आणि अनेकवचनाला कॉमाही नाही. व्यासांना ई-एस जोडणं नियमात बसतं, पण दारावर ते भलतंच दिसतं. त्यांना 'व्यास फॅमिली' सुचवली.

संध्याकाळी पार्किंगचं प्रूफ आलं, तर व्हिजिटर्सच्या पुढे ठसठशीत 'ट'. कॉमा हलवताना कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्ट मांडणीवर राहिला होता, आणि त्यात वरच्या कॉमाच्या बटणावर ट असतो. काकांनी वाचून ओके पाठवलेलं होतं.