नाळ, वार आणि हप्ते

सातव्या महिन्याची तपासणी. आमचा नंबर अठरावा आणि आत सातवा चालू. बायको पंख्याखाली बसलेली, मी दाराशी उभा. तेवढ्यात टाय लावलेला एक तरुण पोरगा जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, बाळाच्या स्टेमसेलचं काही प्लॅनिंग केलंय का?"

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, आणि फौंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं मशीनिंग. विकायला येणारा माणूस मला लांबूनच ओळखू येतो. पण हे पोरगं तेल विकत नव्हतं, टूलही नव्हतं. ते भीती विकत होतं, आणि सातव्या महिन्यात भीतीला गिऱ्हाईक लगेच मिळतं. स्टेमसेल म्हणजे नवं रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, त्या नाळेतल्या रक्तात असतात, आणि ते रक्त जन्माच्या वेळी एकदाच मिळतं, नंतर कितीही पैसे ओतले तरी नाही, असं त्यानं सांगितलं. ऐंशी आजारांवर चालतं म्हणाला. उणे १९६ अंशाला, द्रवरूप नायट्रोजनमध्ये, पंच्याहत्तर वर्षं ठेवणार. पंचावन्न हजार, हप्त्यानं भरलं तरी चालेल.

थोरलीच्या वेळी हे काहीच नव्हतं. पहिलं बाळंतपण गडहिंग्लजला माहेरी झालं, तिथं असलं विचारायला कोणी आलं नाही. आता थोरली पाच वर्षांची.

त्या रात्री मी फॉर्म भरायला घेतला होता, हे कबूल करतो. पुण्याच्या मेहुण्यानं दोन्ही पोरांचं केलंय. "उद्या काय झालं तर पंचावन्न हजारांसाठी मागं हटलो असं वाटायला नको," हे त्याचं वाक्य डोक्यातून जाईना.

आईला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "नाळ ठेवून काय करत्यात? पुरत्यात की रं. तुझी बी गावात परड्यात पुरलीया."

"नाळ न्हवं आई, नाळेतलं रक्त."

"मग वार?"

"वारेतलं आणि नाळेतलं. उरलेलं. एरवी टाकूनच देतात."

"टाकून देत्यात त्याचं पंचावन्न हजार?" म्हणून तिनं मेथीची जुडी उलटी केली.

बायको एका सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे. ती जाहिरात वाचत नाही, करारनामा वाचते. सोफ्यावर पाय वर घेऊन, पेन्सिल घेऊन अकरा पानं वाचली आणि दोन ठिकाणी खूण केली. एक, रक्त खराब निघालं किंवा हरवलं तर कंपनीची जबाबदारी भरलेल्या फीएवढीच. दोन, पेशी कमी निघाल्या तरी ठेवायचं की नाही ते आम्ही ठरवायचं, फी मात्र तीच. "हे एफडी नाही," ती म्हणाली, "लॉकर आहे. आत काय आहे ते बँक बघत नाही."

मी दुसऱ्या दिवशी त्या पोराला फोन करून माझ्या धंद्यातला प्रश्न विचारला. माल पोचणार कसा? बाळंतपणाची तारीख ऑगस्टची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी होतं, २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. रक्ताची पिशवी दीड-दोन दिवसांत लॅबला पोचली पाहिजे म्हणता, मग हायवे बंद झाला तर? तो म्हणाला, "सर, तसं काही होणार नाही." कोल्हापूरच्या माणसाला पुराबद्दल असं सांगणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा?

पण खरा निकाल लागला पुढच्या तपासणीला. डॉक्टर मॅडमना थेट विचारलं. त्यांनी आधी आम्हालाच विचारलं, "थोरलीला रक्ताचा काही आजार? थॅलेसेमिया वगैरे? तुम्हा दोघांच्या घरात कोणाला?" नाही म्हटल्यावर पेन खाली ठेवलं.

माहितीपत्रकात एक फोटो होता. पॅरिस, १९८८, जगातलं पहिलं नाळेच्या रक्ताचं प्रत्यारोपण. तो खरा आहे, मॅडम म्हणाल्या. डॉ. एलियान ग्लुकमन यांनी ते केलं. पेशंट फॅन्कोनी अॅनिमिया, म्हणजे रक्त नीट तयारच न होण्याचा आनुवंशिक आजार असलेला अमेरिकेतला लहान मुलगा, तोही बरा झाला. "पण रक्त कोणाचं होतं? त्याच्या नवजात बहिणीचं. त्याचं स्वतःचं नव्हे."

सगळी गोम तिथंच. आनुवंशिक आजार असेल तर तो दोष नाळेतल्या रक्तातही असतोच. माझ्या भाषेत सांगायचं तर पॅटर्नमध्येच, म्हणजे साचा पाडायच्या नमुन्यातच खोट असेल तर त्याच पॅटर्नवरून काढलेलं जादा कास्टिंग जपून ठेवून काय उपयोग? लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्येही पुष्कळदा त्याचं बी जन्माच्या आधीच पडलेलं असतं, म्हणून मुलाचं स्वतःचंच रक्त परत द्यायला डॉक्टर धजत नाहीत. ऐंशी आजारांची ती यादी खोटी नव्हती. त्यातले बहुतेक दुसऱ्याच्या रक्तानं बरे होणारे आहेत, एवढंच पत्रकात बारीक अक्षरातही नव्हतं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएमआरचं म्हणणंही हेच. पुढंमागं स्वतःलाच लागेल म्हणून ठेवण्याला शास्त्रीय आधार नाही. पहिल्या वीस वर्षांत स्वतःचं रक्त वापरायची वेळ येण्याची शक्यता त्यांनी दिलीय ०.०४ टक्के ते ०.०००५ टक्के. म्हणजे अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक. घरात आधीच एखादं मूल अशा आजारानं आजारी असेल तर गोष्ट वेगळी. भावंडांच्या पेशी एकमेकांशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, तेव्हा जरूर ठेवावं. आमच्या घरात तसं असतं तर मी लेथ विकून भरले असते.

आणि पिशवीत येतं किती? साधारण ६० ते १०० मिली. म्हणजे टपरीवरचा एक कटिंग. लहान मुलाला पुरेल, मोठ्या माणसाला बहुतेक वेळा कमीच पडेल.

निघताना मॅडम सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "ते रक्त टाकाऊ नसतं हो. नाळ लगेच चिमटली नाही, एक ते तीन मिनिटं थांबलं, तर त्यातलं बरंच बाळाच्या अंगात जातं. डब्ल्यूएचओ पण तेच सांगते. पुढच्या काही महिन्यांचं लोह मिळतं पोराला. तुमची पिशवी भरायची तर ती मिनिटं महाग पडतात."

मी बायकोकडं पाहिलं. तिनं पर्स बंद केली होती.

टोकन म्हणून पाच हजार दिले होते, ते अजून आलेले नाहीत. "प्रोसेसमध्ये आहे" असं दर सोमवारी कळतं. बायको मेल पाठवते, मी फोन करतो.

धाकटी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. त्या दिवशी पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३७ फूट पाणी होतं, इशारा पातळीला दोन फूट कमी. बाहेर मी एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात चहाचा थर्मास घेऊन उभा. आत नेमकं किती थांबले ते मी बघितलं नाही. बायको सांगते, बाळ पोटावर ठेवलं होतं आणि मॅडम नाळेला बोट लावून ठोके बघत होत्या. ठोके थांबल्यावर मग चिमटा लावला.

आठव्या दिवशी पहाटे लंगोट बदलताना नाळ पडली. काळी, वाळलेली, चिंचेच्या तुकड्याएवढी. आईनं ती उचलून कापसात गुंडाळली. आता पुरायची कुठं? आम्ही दुसऱ्या मजल्यावर, माती फक्त तुळशीच्या कुंडीत. गावाकडं नेईन म्हणाली, पाऊस उघडला की. तोवर दमट हवेनं बुरशी धरेल म्हणून सुपारीच्या डबीत घालून तिनं ती फ्रीजच्या दारात ठेवली, गोकुळच्या पिशवीशेजारी.

बायकोनं सकाळी दूध काढताना डबी उघडली, बघितली आणि परत ठेवली.

"आई, ह्याचा हप्ता किती?" असं तिनं आतूनच विचारलं.