लाल म्हणावे की निळा?

जर्मनीत एकाच कोबीला दोन रंगांची नावे आहेत. उत्तरेकडे तो ‘रोटकोल’, म्हणजे लाल कोबी. बव्हेरियात तोच ‘ब्लाउक्राउट’, म्हणजे निळा. (कापल्यावर तो जांभळा दिसतो, हे कोणीच लक्षात घेत नाही.)

या वादाचे मूळ मला माझ्याच फजितीतून कळले. पहिल्यांदा हा कोबी शिजवताना, लवकर मऊ पडावा म्हणून, छोल्यांच्या सवयीने मी चिमूटभर खायचा सोडा टाकला आणि पाहता पाहता पातेल्यातला रस शाईसारखा निळा, मग चक्क हिरवट झाला. शेजारच्या आजींनी झाकण उचलून पाहिले, काही न बोलता घरून व्हिनेगर आणले आणि दोन-तीन चमचे ओतले. फसफसून फेस आला आणि जिथे व्हिनेगर पडले, तिथून कोबी गुलाबी होत गेला. त्यातले अँथोसायनिन हे रंगद्रव्य आंबटात लाल होते आणि अल्कलीत निळे-हिरवे, एवढेच ते गुपित.

आजींची रीत जुनी आहे. हंसाच्या चरबीत बारीक चिरलेला कोबी परतायचा, आंबट सफरचंदाच्या फोडी, व्हिनेगर आणि साखर घालायची, लवंगा टोचलेला अख्खा कांदा मधोमध ठेवायचा आणि तास-दीड तास मंद आचेवर झाकून शिजवायचे. चिंचगुळावर वाढलेल्या जिभेला ही आंबटगोड चव परकी वाटत नाही. 11 नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी, आणि नाताळात भाजलेल्या हंसाबरोबर तो हवाच. त्या तुपकट मांसाला आंबटाचीच जोड लागते. शिवाय घट्ट गड्डे थंड तळघरात कित्येक आठवडे टिकत, त्यामुळे हिवाळ्यात हीच भाजी हाताशी असे.

पोषणाचे म्हणाल, तर 100 ग्रॅम कच्च्या लाल कोबीत साधारण 55 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. इतका वेळ शिजवल्यावर त्यातले बरेच जाते. तंतू मात्र राहतात आणि रंगद्रव्य जरी पाण्यात उतरले, तरी तो रस फेकून न देता कोबीतच मुरवलेला असतो. चरबीचा हिशेब सणाच्या दिवशी मांडू नये, असे माझे मत आहे.

आजी हा कोबी आदल्या दिवशीच करून ठेवतात. ‘शिळे’ म्हणून नाक मुरडणाऱ्या मला दुसऱ्या दिवशीचा घासच अधिक आवडला. वाढण्याआधी त्या तो जांभळा झालेला कांदा चमच्याने अलगद बाहेर काढतात आणि त्यातल्या लवंगा मोजतात: सहा टोचल्या होत्या, सहाच निघायला हव्यात.